महादेवी आणि गिल्लू

रामटेकच्या गडावर वानरे फार. हातात खाण्याची पिशवी दिसली की ती धावून येतात. त्यामुळे गड चढणाऱ्यांचे सगळे लक्ष त्यांच्याकडेच असते. पण त्याच वाटेच्या कडेला, झाडांच्या बुंध्यांवर आणि जुन्या भिंतींच्या फटींत आणखी एक प्राणी दिवसभर धावपळ करीत असतो. त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. तो प्राणी म्हणजे खार. उर्दूत जिला गिलहरी म्हणतात, तीच मराठीतील खार.

खारीच्या पाठीवरील पट्ट्यांची एक गोष्ट लोक सांगतात. श्रीराम लंकेला जाण्यासाठी सेतू बांधत होते. मोठमोठे वानर दगड वाहत होते. तेव्हा एक खार वाळूत लोळे आणि अंगाला चिकटलेले वाळूचे कण सेतूवर नेऊन झटके. रामाने कौतुकाने तिच्या पाठीवरून बोटे फिरवली आणि त्यांचे पट्टे उमटले. म्हणूनच मोठ्या कामात कोणी थोडीशी मदत केली, तर मराठीत त्या मदतीला ‘खारीचा वाटा’ म्हणतात. उर्दू शिकणाऱ्या मुलांना इक्बाल यांची डोंगर आणि गिलहरी यांच्यावरील कविताही माहीत असते. त्या कवितेतील एवढीशी गिलहरी गर्विष्ठ डोंगरापुढे मान खाली घालीत नाही.

गोष्टींत आणि कवितांत खारीला असा मान आहे. प्रत्यक्षात मात्र खारीचे पिल्लू घरट्यातून खाली पडले की त्याचे फार हाल होतात. जन्मतः त्याचे डोळे मिटलेले असतात आणि अंगावर केस नसतात. आईच्या उबेशिवाय आणि दुधाशिवाय ते जगू शकत नाही. कावळ्यांच्या नजरेला पडले तर ते त्याला टोचून काढतात. येणारे-जाणारे क्षणभर थांबतात, हे काही आता जगायचे नाही असे म्हणतात आणि आपल्या कामाला लागतात. बहुतेक वेळा त्यांचे म्हणणे खरेही ठरते.

रामटेकजवळ मनसर नावाचे गाव आहे. नागपूरहून जबलपूरला जाणारा मोठा रस्ता मनसरवरून जातो. या रस्त्याने सिवनी, जबलपूर, रीवा असे उत्तरेकडे जात राहिले की शेवटी अलाहाबाद लागते. २०१८ पासून या शहराला प्रयागराज म्हणतात. तेथे राहणाऱ्या एका कवयित्रीला एकदा कावळ्यांनी टोचलेले खारीचे पिल्लू दिसले. ते जगायचे नाही असे सर्वांनी सांगितले, तरी त्यांनी ते उचलून घरात नेले. त्या कवयित्रीचे नाव महादेवी वर्मा. त्यांची ही हकीकत आहे.

महादेवींचा जन्म २६ मार्च १९०७ रोजी, आजच्या उत्तर प्रदेशातील फर्रुखाबाद येथे झाला. त्यांच्या घराण्यात सुमारे दोनशे वर्षे मुलगीच नव्हती. त्याआधी जन्मलेल्या मुलींना जन्मतःच मारून टाकीत, असे त्यांनी घरात ऐकले होते आणि पुढे ते लिहूनही ठेवले. महादेवींच्या आजोबांनी मात्र आपल्या घरी मुलगी व्हावी म्हणून दुर्गादेवीची फार उपासना केली होती. त्यामुळे या मुलीचे घरात मोठे स्वागत झाले. इतर मुलींना जे सोसावे लागे, ते तिला सोसावे लागले नाही.

आजोबांना उर्दू आणि फारसी येत असे. वडील गोविंदप्रसाद इंग्रजी शिकलेले होते. घरात हिंदी आणली ती आई हेमराणी देवी यांनी. त्या जबलपूरच्या. नातीनेही उर्दू-फारसी शिकावी अशी आजोबांची इच्छा होती. त्यांनी मौलवीसाहेबांना बोलावले. मौलवीसाहेब आले, आणि दुसऱ्याच दिवशी ही मुलगी खाटेखाली जाऊन लपली! मग मौलवीसाहेबांच्या जागी संस्कृत शिकवायला पंडितजी आले. उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्यांनी महादेवींना एवढी एक गोष्ट माफ करावी, कारण पुढचे ऐकले तर त्यांचा राग राहणार नाही.

महादेवींचे कुटुंब ज्या आवारात राहत होते, तेथेच जवाराचे नवाब राहत असत. त्यांची नवाबी गेलेली होती. नवाबांच्या बेगमसाहेबांना महादेवी आणि त्यांची भावंडे ताई म्हणत. हिंदीत ताई म्हणजे मोठी काकू; मराठीत ताई म्हणजे मोठी बहीण. बेगमसाहेबांची मुले महादेवींच्या आईला चचीजान म्हणत. एका घरातील मुलांचे वाढदिवस दुसऱ्या घरात होत. राखीच्या दिवशी महादेवी राखी बांधीपर्यंत बेगमसाहेब आपल्या मुलाला पाणीसुद्धा पिऊ देत नसत. मोहरमला महादेवींच्या घरातील मुलांसाठी हिरवे कपडे शिवले जात. महादेवींना धाकटा भाऊ झाला, तेव्हा त्याचे नावही बेगमसाहेबांनीच ठेवले. ते नाव होते मनमोहन. पुढे हे मनमोहन वर्मा विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि बेगमसाहेबांनी ठेवलेले नावच त्यांनी जन्मभर वापरले.

पुढे महादेवींना अलाहाबादच्या क्रॉस्थवेट गर्ल्स कॉलेजात पाचवीच्या वर्गात घातले. तेथील वसतिगृहात त्यांच्या खोलीत सुभद्राकुमारी होत्या. त्या सातवीत होत्या आणि कविता करीत असत. महादेवीही कविता करीत, पण लपवून. एके दिवशी सुभद्राकुमारींनी त्यांच्या डेस्कमधील पुस्तके चाळली आणि कवितांचे कागद शोधून काढले. एका हातात ते कागद आणि दुसऱ्या हातात महादेवींचा हात धरून त्या साऱ्या वसतिगृहात फिरल्या आणि ही मुलगी कविता करते असे सर्वांना सांगत सुटल्या. त्या दिवसापासून दोघींची मैत्री झाली. इतर मुली खेळत, तेव्हा या दोघी झाडाच्या एका खालच्या फांदीवर बसून कविता जुळवीत असत.

सुभद्राकुमारी वसतिगृह सोडून गेल्या. त्यांच्या जागी जेबुन्निसा नावाची मुलगी आली. ती कोल्हापूरची होती. ती महादेवींचे डेस्क साफ करी, पुस्तके नीट लावून ठेवी, म्हणजे महादेवींना कविता लिहायला जास्त वेळ मिळे. जेबुन्निसा मराठी बायकांप्रमाणे काठाची साडी नेसे आणि हिंदी बोलताना मध्येच ‘इकडे-तिकडे’, ‘लवकर-लवकर’ असे मराठी शब्द घाली. जीनत बेगम नावाच्या उस्तानी त्यावरून तिला चिडवीत. पण ती मुळीच लाजत नसे. आपण मराठी आहोत, तेव्हा मराठीच बोलणार, असे ती ठासून सांगे. तिच्याकडून महादेवीही थोडी थोडी मराठी शिकल्या. त्या वसतिगृहात अवधच्या मुली अवधी बोलत, बुंदेलखंडच्या बुंदेली बोलत, आणि सगळ्या एकाच भोजनगृहात जेवत. त्यांच्यात कधी भांडण झाले नाही, असे महादेवींनी आठवणींत लिहिले आहे.

महादेवींचे लग्न त्या काळच्या रीतीप्रमाणे फार लहान वयात झाले होते. मोठ्या झाल्यावर त्यांनी सासरी जाण्याचे नाकारले आणि शिक्षण चालू ठेवले. १९३२ साली अलाहाबाद विद्यापीठातून त्या संस्कृत घेऊन एम. ए. झाल्या. रामटेकचे नाव ज्याच्या ‘मेघदूत’ काव्याशी जोडले जाते, त्या कालिदासाच्या काव्यातील काही भाग पुढे त्यांनी हिंदीत आणला. प्रयाग महिला विद्यापीठाच्या त्या मुख्याध्यापिका झाल्या. ज्या मुलींना आणि स्त्रियांना शिक्षणाची वाट बंद होती, त्यांच्यासाठी ही संस्था होती आणि महादेवींनी आपले आयुष्य तिला दिले. दुसरीकडे त्यांचे लेखन चालू होते. ‘नीहार’ हा पहिला संग्रह १९३० साली निघाला. त्यानंतर ‘रश्मि’, ‘नीरजा’, ‘सांध्यगीत’ आले. या चारही संग्रहांतील कविता ‘यामा’ या ग्रंथात एकत्र झाल्या. हिंदी कवितेत महादेवींचे नाव प्रसाद, निराला आणि पंत यांच्याबरोबर घेतले जाऊ लागले. १९५६ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९८२ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना देण्यात आला.

मैत्रीण सुभद्राकुमारींचे पुढील आयुष्य नागपूरशी बांधले गेले होते. लग्नानंतर त्या जबलपूरला राहत. १९२३ साली नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला, त्यात भाग घेऊन त्या पकडल्या गेल्या. झाशीच्या राणीवरील त्यांची कविता सगळ्या देशाला पाठ झाली. फेब्रुवारी १९४८ मध्ये त्या शिक्षण खात्याच्या बैठकीसाठी नागपूरला आल्या होत्या. १५ फेब्रुवारीला त्या मोटारीने जबलपूरला परत निघाल्या. मनसरवरून जाणारा हाच तो रस्ता. सिवनीजवळ रस्त्यात कोंबडीची पिल्ले आडवी आली. पिल्लांना वाचवा असे सुभद्राकुमारींनी घाईघाईने सांगितले, मोटार एकदम वळवली गेली आणि झाडावर आदळली, अशी आठवण सांगतात. त्या अपघातात सुभद्राकुमारींचा मृत्यू झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे ४३ वर्षांचे होते. महादेवींनी ‘पथ के साथी’ या पुस्तकात आपल्या या मैत्रिणीचे शब्दचित्र लिहिले आहे.

आता खारीच्या पिल्लाची गोष्ट.

एके दिवशी सकाळी महादेवी खोलीतून व्हरांड्यात आल्या. दोन कावळे कुंड्यांभोवती उड्या मारीत होते आणि पुन्हा पुन्हा चोच मारीत होते. महादेवींनी जवळ जाऊन पाहिले. कुंडी आणि भिंत यांच्या मधल्या सापटीत खारीचे एक अगदी लहान पिल्लू होते. ते घरट्यातून पडले असावे. कावळ्यांच्या चोचींच्या दोन जखमा त्याच्या अंगावर होत्या. ते कुंडीला चिकटून निपचित पडले होते.

घरातल्या माणसांनी सांगितले, की कावळ्याची चोच लागली म्हणजे हे वाचायचे नाही. ते आहे तसेच राहू द्यावे. सांगणारे काही निर्दय नव्हते. त्यांनी अशी पिल्ले मरताना पाहिली होती. महादेवींनी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांनी पिल्लू अलगद उचलले आणि खोलीत आणले. कापसाने रक्त पुसले. जखमांवर पेनिसिलिनचे मलम लावले. (जखम आणि मलम हे दोन्ही शब्द उर्दूतून येणाऱ्या वाचकाला ओळखीचे वाटतील.) पेनिसिलिन तेव्हा नवे औषध होते. दुसऱ्या महायुद्धानंतरच ते सामान्य माणसांच्या हाती येऊ लागले. त्याआधी हे पिल्लू सापडले असते, तर चोचीच्या जखमा चिघळून ते बहुधा मेले असते.

मग त्यांनी कापसाची बारीक वात केली, ती दुधात भिजवली आणि पिल्लाच्या तोंडाला लावली. पिल्लाला तोंड उघडता येईना. दुधाचे थेंब दोन्ही बाजूंनी ओघळून गेले. येथे एखाद्याने जबरदस्ती केली असती. पण अशा पिल्लाच्या तोंडात दूध ओतले तर ते फुप्फुसात शिरते आणि पिल्लू गुदमरते. महादेवी थांबल्या. कित्येक तास त्या त्याची शुश्रूषा करीत राहिल्या. अखेर एक थेंब पाणी त्याच्या तोंडात गेला. दूध नव्हे, पाणी. आणि तेही एकच थेंब.

आजारी, थंड पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यावी, मग थोडे पाणी, आणि त्यानंतर अन्न, असा क्रम आजचे पशुवैद्य सांगतात. अंग थंड असताना पोटात गेलेले दूध पचत नाही. शिवाय गाईचे दूध खारीच्या पिल्लांना मानवत नाही, त्याने त्यांना हगवण लागते. महादेवी काही डॉक्टर नव्हत्या आणि त्यांच्याजवळ या विषयाचे पुस्तक असण्याचाही संभव नाही. पिल्लाकडे पाहत पाहतच त्यांनी पुढचे पाऊल ठरवले. ते घेईल तेवढेच द्यायचे, आणि घेत नसेल तर वाट पाहायची. बायांनी लहान मुले अशीच वाढवली आहेत.

तिसऱ्या दिवशी पिल्लू पुष्कळ सुधारले. त्याने आपल्या दोन इवल्या पंजांनी महादेवींचे बोट धरले आणि तो इकडे-तिकडे पाहू लागला. तीन-चार महिन्यांत त्याच्या अंगावर तुळतुळीत केस आले, शेपटी झुपकेदार झाली. मग त्याला नाव मिळाले गिल्लू. गिलहरी हा शब्द स्त्रीलिंगी, खार हाही स्त्रीलिंगी. पण गिल्लू हे मुलाचे नाव. सगळ्या खारींची जी एक जात होती, तिच्यातला हा एक जण आता नावाने ओळखला जाऊ लागला.

फुले ठेवण्याच्या एका हलक्या परडीत कापूस घालून महादेवींनी ती तारेने खिडकीत टांगली. पुढली दोन वर्षे गिल्लू याच झोक्यात राहिला. महादेवी लिहायला बसल्या की गिल्लूला राहवत नसे. तो त्यांच्या पायापर्यंत येई, मग सरसर पडद्यावर चढे आणि तितक्याच वेगाने खाली उतरे. त्या उठून त्याला पकडायला धावेपर्यंत हा खेळ चाले. कधी कधी त्या त्याला एका लांब पाकिटात घालून ठेवीत. फक्त डोके बाहेर. तसाच तो बराच वेळ मेजावर बसून त्यांचे लिहिणे पाहत राही. भूक लागली की चिक्-चिक् करी. काजू त्याला सर्वांत आवडे. काजू मिळाला नाही तर दुसरे खाणे तो झोक्याखाली टाकून देई. जेवणाच्या वेळी तो ताटात उतरू पाही; तेव्हा महादेवींनी त्याला ताटाजवळ बसायला शिकवले. मग तो एकेक शीत उचलून नीटनेटके खाऊ लागला.

गिल्लूच्या आयुष्यातील पहिला वसंत ऋतू आला. बाहेरच्या खारी खिडकीच्या जाळीजवळ येऊन चिक्-चिक् करू लागल्या. गिल्लू जाळीशी बसून त्यांच्याकडे टक लावून पाही. महादेवींनी ते पाहिले. बाहेर कुत्री होती, मांजरे होती, आणि कावळे तर होतेच. ज्या जिवाला तासन्तास बसून वाचवले, त्याला पुन्हा त्या जगात सोडायचे कसे? पिंजरा आणला असता तर प्रश्न सुटला असता आणि कोणी त्यांना नावेही ठेवली नसती. पण त्यांनी जाळीचे खिळे काढले आणि तिचा एक कोपरा मोकळा केला. सबंध हकीकतीत मलम लावण्यापेक्षा हे काम अधिक अवघड होते, असे वाटते. खिळे काढले आणि गिल्लू बाहेर गेला.

तो परत आला. महादेवी कॉलेजातून घरी आल्या की तोही जाळीच्या त्या वाटेने आत येई. दिवसभर तो इतर खारींबरोबर फांद्या-फांद्यांवर उड्या मारी आणि दुपारी चार वाजले की आपल्या झोक्यात येऊन बसे. महादेवींना चकित करण्याची त्याला मोठी हौस होती. कधी फुलदाणीत, कधी पडद्याच्या चुण्यांत, कधी सोनजुईच्या पानांत तो लपून राही. सोनजुई म्हणजे पिवळ्या फुलांची जुई. तिचा वेल महादेवींच्या घरी होता.

त्याच काळात महादेवींना मोटारीचा अपघात झाला आणि काही दिवस इस्पितळात राहावे लागले. घरी त्यांच्या खोलीचे दार उघडले की गिल्लू झोक्यातून उतरून धावत येई. आलेले माणूस दुसरेच आहे असे दिसले की तितक्याच वेगाने परत जाई. घरातील सर्वजण त्याला काजू देत. इस्पितळातून आल्यावर महादेवींनी झोका साफ केला, तेव्हा त्यात ते काजू तसेच साठलेले सापडले. त्याने ते फारसे खाल्लेच नव्हते.

महादेवी अंथरुणावर पडून असत, तेव्हा गिल्लू उशाशी बसे आणि आपल्या छोट्या पंजांनी त्यांचे कपाळ आणि केस हळूहळू कुरवाळी. एखादी परिचारिका असावी तसा. तो बाजूला झाला की परिचारिका उठून गेल्यासारखे महादेवींना वाटे. उन्हाळ्याच्या दुपारी तो त्यांच्याजवळ ठेवलेल्या सुरईवर अंग पसरून पडून राही. तेथे गारवाही मिळे आणि महादेवीही जवळ असत. नागपूर-रामटेककडील उन्हाळा ज्यांना माहीत आहे, त्यांना गिल्लूची ही हुशारी लगेच कळेल.

खारीचे आयुष्य दोन वर्षांपेक्षा जास्त नसते, असे महादेवींनी लिहिले आहे. मोकळ्या रानात पुष्कळ खारी तेवढ्याही जगत नाहीत. माणसाच्या देखरेखीखाली काही खारी याहून अधिक जगल्या आहेत. गिल्लूला मात्र दोनच वर्षे मिळाली. एके दिवशी त्याने काही खाल्ले नाही आणि तो बाहेरही गेला नाही. रात्री अंगात त्राण नसतानाही तो झोक्यातून उतरला आणि महादेवींच्या अंथरुणावर आला. लहानपणी मरता मरता जे बोट त्याने धरले होते, तेच बोट त्याने आताही धरले. त्याचे पंजे थंड पडत चालले होते. महादेवींनी उठून हीटर लावला आणि त्याला ऊब देत त्या बसून राहिल्या. पहिल्या दिवशी जे केले होते, तेच त्या पुन्हा करीत होत्या. या वेळी उपयोग झाला नाही. पहाटे गिल्लू गेला.

त्याला सोनजुईच्या वेलाखाली पुरले, कारण तो वेल त्याला सर्वांत आवडत असे. झोका काढून ठेवला. जाळीचा मोकळा कोपरा पुन्हा बंद केला.

गिल्लूची आणि घरातील इतर प्राण्यांची शब्दचित्रे महादेवींनी ‘मेरा परिवार’ या पुस्तकात लिहिली. ते १९७२ साली प्रसिद्ध झाले. योगायोग असा, की त्याच वर्षी भारतात वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. आज रामटेकला किंवा आणखी कोठे कोणाला खारीचे जखमी पिल्लू सापडले, तर ते उबेत ठेवावे, घाईने दूध पाजू नये आणि वनविभागाला किंवा पशुवैद्याला कळवावे. रानातील प्राणी घरी पाळू नयेत, असे आता सांगितले जाते. जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करण्यासाठी वनविभागाने नागपूरला सेमिनरी हिल्स येथे केंद्र काढले आहे. पिल्लाला जखम नसेल आणि अंग गरम असेल, तर झाडाच्या बुंध्याशी एखाद्या खोक्यात ठेवून दूर उभे राहावे. पुष्कळदा आई येते आणि तोंडात धरून पिल्लाला घरट्यात परत नेते.

महादेवींचे निधन ११ सप्टेंबर १९८७ रोजी अलाहाबादला झाले. त्यांच्या या परिवारात एके काळी मोर होता, ससा होता, मुंगूस होते, कुत्री होती. पक्षी विकणाऱ्या बडे मियांच्या दुकानात त्यांना एकदा पाय मोडलेली लांडोर दिसली. ती त्यांनी सात रुपयांना विकत घेतली आणि तिच्या बोटांना पट्ट्या बांधून तिला बरे केले. गौरा नावाची देखणी गाय होती. दूधवाल्याने गुळातून तिला सुई चारली आणि कोणत्याही डॉक्टरला तिला वाचवता आले नाही. सोना नावाचे हरिण होते. शिकाऱ्यांनी आई मारल्यावर ते अगदी तान्हे असताना महादेवींकडे आले होते. महादेवी बद्रीनाथच्या यात्रेला गेल्या असताना ते दोरीला बांधलेले होते. उडी मारताना दोरीचा हिसका बसून ते खाली आपटले आणि मेले.

सोना गेल्यावर महादेवींनी ठरवले, की यापुढे हरिण पाळायचे नाही. कित्येक वर्षे त्यांनी हा नियम पाळला. मग एके दिवशी ओळखीच्या घरातील एका मुलीचे पत्र आले. तिच्याजवळ एक हरिण होते, ते आता वाढत होते आणि तिच्या घरी त्याला पुरेशी जागा नव्हती. ते तुम्ही सांभाळाल का, असे तिने विचारले होते. नियम मोडल्याशिवाय या जिवाचे रक्षण होणार नाही, असे महादेवींच्या ध्यानात आले. त्यांनी तो नियम मोडला.